जास्तीच्या नऊ तारा

बिघडलेली वस्तू असा काही प्रकार या जगात नसतो. असते ती फक्त माणसांना अजून सवय न झालेली वस्तू. हे तत्त्व सोलापुरात भवानी पेठेतल्या आम्ही तिघांनी स्वखर्चाने सिद्ध केले आहे. त्याचा अहवाल समाजापुढे ठेवणे, हे परदेशी वाहन मार्गदर्शन समितीचा (नियोजित) सचिव या नात्याने मी माझे कर्तव्य समजतो.

समितीचे अध्यक्ष शिवपुत्रअण्णा. टॉवेल-चादरींचे व्यापारी, मनाने मोठे, देहानेही. पुण्यातल्या कुठल्याशा कारखान्यातला जपानी साहेब मायदेशी परतताना आपली जुनी छोटी मोटार इथेच ठेवून गेला, ती अण्णांनी घेतली. फिकट पोपटी, गोल डोळ्यांची, आणि इतकी लहान की पूजेच्या दिवशी चाकाखाली ठेवलेले लिंबूच मोठे वाटले. अण्णा आत बसले की गाडी नेसल्यासारखे दिसत.

गाडीचा एक दिवा लागत नव्हता. एवढ्यासाठी संगमेश मिस्त्रींनी पुढचे सगळे पॅनेल उघडले आणि मग पुस्तक शोधायला घेतले. (आधी उघडणे, मग वाचणे, हा आपल्याकडचा मान्य क्रम आहे.) पुस्तक मिळाले ते त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या, पण विलायतेत विकलेल्या गाडीचे. मुखपृष्ठावरची गाडी हुबेहूब तशीच, रंगसुद्धा पोपटी. यापुढे शंका घेणे म्हणजे अपशकुन करणे झाले असते.

पुस्तकातल्या इंजिनावर कार्ब्युरेटर होता, आमच्या इंजिनावर नव्हता. समितीने रीतसर बैठक घेऊन तो पुण्यात चोरीला गेल्याचे नमूद केले. पुस्तकात चोकचे बटण होते, गाडीत नव्हते. मिस्त्रींनी ते जुन्या बाजारातून आणून बसवले. ते कशालाच जोडलेले नाही, पण थंडीत ते ओढल्याशिवाय गाडी सुरू करायचा अण्णांना धीर होत नाही. सीटखाली एक चपटी पेटी सापडली. पुस्तकात तिचा उल्लेख नाही, म्हणून ती उपटली. गाडी बंद पडली. परत लावली, तर सुरू झाली.

"जपान्याचं डोकं हाय त्यात," मिस्त्री म्हणाले. "ऱ्हाऊ द्या की. खायाला काय मागत न्हाय."

तारांचे प्रकरण जरा नाजूक होते. पुस्तकाप्रमाणे पॅनेलमागे सतरा तारा हव्यात, मोजल्या तर सव्वीस भरल्या. सतरा तारा पुस्तकाबरहुकूम जोडल्या (रंग जुळले नाहीत तिथे शेजारचा रंग धरला). उरल्या नऊ. चांगले तांबे टाकून देणे अण्णांच्या स्वभावात बसेना, म्हणून त्या एकमेकींना जोडून दिल्या.

तेव्हापासून गाडीत उजवीकडे वळायचा दांडा ओढला की वायपर फिरतो. डावीकडचा ओढला की हॉर्न वाजतो. हॉर्न दाबला तर डिकीत दिवा लागतो. ब्रेकवर पाय ठेवला की एसी सुरू होतो, त्यामुळे मे महिन्यात अण्णा फार जपून, म्हणजे सारखे ब्रेक दाबत गाडी चालवतात. रेडिओ फक्त चढावर लागतो. त्याचे कारण समितीला समजलेले नाही. कृपया विचारू नये.

अशा वेळी कोत्या मनाचा माणूस गाडी दुरुस्त करतो. आम्ही पेठ दुरुस्त केली. घरोघर जाऊन समजावले, चौकात फळा लावला: रखरखीत उन्हात वायपर हलताना दिसला की अण्णा उजवीकडे वळणार. आमच्या पाहणीनुसार पेठेतल्या शंभरांपैकी ब्याण्णव जणांना आता हे कळते. उरलेल्या आठांपैकी पाच पाहुणे होते आणि तिघांना धड गाडीचाही इशारा कळत नाही. वांग्यांची हातगाडी लावणारी मायाक्का तर वायपर हलताच गाडी आत ओढून घेते. चौकातला हवालदार सलाम करतो.

इतके सुरळीत चालले असताना अण्णांच्या विरेशचे लग्न झाले आणि दुधनीची दानेश्वरी सून म्हणून घरात आली. ती मैंदर्गीच्या शाळेत शिकवते. माहेराहून शाळा जवळ होती, सोलापूरहून लांब; सकाळच्या शाळेला वेळेवर पोचवणारी एसटी नाही. म्हणून लग्नाच्या बैठकीत चारचौघांसमोर ठरले होते की तिची नोकरी सुटणार नाही आणि जायला-यायला हीच गाडी तिला मिळेल. अण्णा शब्दाचे पक्के. त्यांनी किल्ली दिली.

पेठ ओलांडेपर्यंत काही अडले नाही. अक्कलकोट रोडवर मात्र जनता अशिक्षित. दानेश्वरीने उजवीकडे वळायला दांडा ओढला, वायपर फिरला, आणि मागचा टँकर तिच्या दाराला चाटून गेला. घरी येताच ती अण्णांसमोर उभी राहिली.

"मामा, ह्या गाडीचं वायरिंग चुकलंय. आज मी मेले असते."

"चुकलं न्हाय गं," अण्णा मायेने म्हणाले. "तुला सवय न्हाय."

नव्या माणसाला धीर नसतो. तिने जपानी साहेबाची गाडी सांभाळणारा पुण्याचा कारागीर शोधून त्याला रविवारी बोलावून घेतले. तो म्हणाला, पुस्तक दुसऱ्याच देशातल्या गाडीचे आहे. जपानात विकलेल्या गाडीचे इंजिन वेगळे, तारा वेगळ्या, आणि त्या नऊ तारा एसीच्या नि सीटखालच्या पेटीच्या. संध्याकाळपर्यंत त्याने सगळे जागच्या जागी लावले. समितीने त्याला चहा पाजला, पण मान डोलावली नाही.

सोमवारी दानेश्वरी शाळेला निघाली. उजवीकडे वळताना तिने दांडा ओढला आणि उजवीकडचा पिवळा दिवा लुकलुकला. असले काही पेठेने कधी पाहिले नव्हते. मायाक्का जागची हलली नाही. माणसांना खरचटले नाही, वांगी मात्र चौकभर झाली.

"वायपर हालला न्हाय," मायाक्का शपथेवर म्हणाली. "म्या म्हनलं, पोरगी सरळ चाललीया."

समितीची तातडीची बैठक झाली. गाडी चुकलेली होती तोवर पेठेत एकही अपघात नाही. दुरुस्त झाली आणि दुसऱ्याच दिवशी अपघात. दोष कशाचा, हे शेंबड्या पोरालाही कळावे. मिस्त्रींनी तारा पूर्ववत केल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. (विरेशने दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि मोबाइल चार्जिंगला लावला.)

"मामा, मग मी शाळेत जाऊ कशी?" दानेश्वरीने दारातून विचारले.

अण्णांनी उत्तरासाठी बायकोकडे पाहिले. महादेवीअक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "हुईल गं सवय," त्या म्हणाल्या. "मला बी झालीच की."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. खरे सांगायचे तर मला वाईट वाटले, फार वाटले. पण इतिवृत्तात त्यासाठी जागा नसते. काही दिवस ती एसटीने गेली, रोज उशिरा पोचली, शाळेने तोंडी बजावले, मग लेखी. शेवटी तिने राजीनामा दिला. अण्णांनी त्या दिवशी पेढे वाटले नाहीत एवढेच, पण पेठेत सगळीकडे सांगितले की सून छान रुळली. आता ती वायरिंगचा विषय काढत नाही. कुठलाच काढत नाही. समितीच्या दृष्टीने हे काम शंभर टक्के पूर्ण झालेले आहे.

वाचकहो, तुम्ही आम्हाला हसत असाल, हसावे. मात्र तुमच्या घरी शेवटची जी मुलगी सून होऊन आली, तिनेही पहिल्या आठवड्यात काहीतरी चुकतेय म्हणून सांगितले होते. काय सांगितले होते, ते जरा आठवून पाहा. आठवत नसेल तर आत जाऊन तिलाच विचारा. ती "काही नाही" म्हणाली, तर समितीतर्फे हार्दिक अभिनंदन स्वीकारावे.