आधी जनावराने भेटावे

हसूनानांच्या बिल्डिंगमध्ये जागा हवी असेल आणि तुमच्याकडे कुत्रं असेल, तर नाना तुम्हाला काहीही विचारत नाहीत. ते कुत्र्याचे दात बघतात.

हे मी स्वतः पाहिलं आहे. एका लॅब्राडॉरचे मालक, दोघं नवराबायको कॉम्प्युटरवाले, आधार कार्डं, पगाराच्या स्लिपा, मागच्या घरमालकाचं पत्र असा गठ्ठा घेऊन उभे होते. नानांनी तो गठ्ठा बाकावर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर पानाचा डबा ठेवला आणि अंगठ्याने कुत्र्याचा जबडा उघडून आत पाहिलं. मग मानेवरून, पाठीवरून हात फिरवत त्याच्या केसांतला भोवरा शोधला. बैल घेताना भोवरा कुठे पडलाय ते बघतात, चुकीच्या जागी असला तर बैल लाभत नाही म्हणे. लॅब्राडॉरने तेवढ्यात नानांचा कान चाटला.

"दात बदललेत, अक्कल बदलायची हाय अजून," नाना म्हणाले. "पास."

त्या दोघांची कागदपत्रं नानांनी आजतागायत वाचलेली नाहीत. ती मी वाचली, कारण नानांची लिखापढी माझ्याकडे आहे. मी सहा वर्षं त्यांच्या तळमजल्यावर भाड्याने राहतो. जन्मभर पोस्टात नोकरी केली, पण चष्मा आणि बोलणं बघून नानांनी पहिल्याच दिवशी मला 'गुरुजी' करून टाकलं. भाडेकरार मी लिहितो, नोटिसा मी लिहितो, फाटकावरची पाटीही मीच रंगवली. नानांनी सांगितलेला मजकूर असा: 'जनावर असल्यास आधी जनावराने भेटावे.'

"नाना, 'जनावरासह भेटावे' असं हवं," मी सुचवलं.

"कशाला? मानूस काय, ग्वाड बोलतोच. जनावराला खोटं बोलता येतं का?"

मी मुकाट्याने ब्रश उचलला.

नाना मूळचे इथलेच, करंजाड्याचे. भातशेती होती. नवीन शहराच्या नकाशात ती गेली आणि बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर हे चार मजले उभे राहिले. मुलगे खारघरला आणि उलव्याला मोठ्या घरांतून राहतात, बोलावतात, पण नाना तळमजल्यावरच्या एका खोलीत एकटे राहतात. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल, आणि सकाळपासून फाटकाशी बाक. भाडेकरू कामावर गेले की त्यांची कुत्री नानांच्या स्वाधीन. "जनावर दिवसभर कुलपात ठेवायचं नाय" हे त्यांचं कलम मी प्रत्येक करारात घालतो. दुपारी लॅब्राडॉर, एक पॉमेरेनियन आणि नाना असे तिघं ओळीने झोपलेले दिसतात. घोरतं कोण ते लांबून कळत नाही.

मांजरांच्या बाबतीत नाना जरा सावध असतात. एका गुबगुबीत मांजरीने मुलाखतीतच त्यांचा पंजा रक्तबंबाळ केला. मालकीण रडकुंडीला आली. नाना हात झटकत म्हणाले, "इमानी नाय, पन मानी हाय. राहू द्या." माशांची टाकी घेऊन एक गृहस्थ आले तेव्हा मात्र नानांची पंचाईत झाली. दात बघायचे कसे? बराच वेळ काचेला नाक लावून त्यांनी निरीक्षण केलं आणि विचारलं, "ही बगायची का खायची?" बघायची, म्हटल्यावर परवानगी दिली, पण एक अट घातली. "मना तुमच्याकरं जेवाया बोलवू नका. यांच्यासमोर मना मासं गिळायचं नाय."

नापास आजवर एकच झाला. केवढा तरी महागडा विलायती कुत्रा होता आणि मालकाची गाडी त्याहून महागडी. नानांनी दात पाहिले, भोवरा पाहिला, मग गळ्यातला पट्टा वर सरकवून खालची सोललेली कातडी पाहिली. "जनावर पास," म्हणाले, "मानूस नापास." आणि टॉवेल झटकून बाकावर जाऊन बसले.

आता दुसरा विक्षिप्तपणा. जागा सोडून जाताना भाडेकरूला डिपॉझिट अगदी पूर्ण मिळतं, पण कुत्र्याचा पट्टा मात्र इथेच ठेवावा लागतो. नव्या घरी नवा घ्यायचा. नानांच्या दारामागे खिळ्यांवर हे पट्टे ओळीने लटकलेले आहेत. लाल नायलॉनचा, साखळीचा, घुंगरू लावलेला. माशांवाल्या गृहस्थांची छोटी जाळीसुद्धा आहे. भाडेकरू हसतात. मीही हसायचो. ओळीच्या सुरुवातीला गुरं बांधायची दोन जुनी दोराची दावी आहेत, त्यांच्याबद्दल विचारायचं मला कधी सुचलं नाही.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की यंदा माझी मावसबहीण कुमुद हिला जागा हवी होती आणि मी छातीठोकपणे तिला सांगितलं, "नानांकडे तुझं काम झालंच समज."

कुमुद पनवेल गावात ब्लाऊज शिवते. लग्न केलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी तिचे कान गेले, यंत्र लावूनही फारसं ऐकू येत नाही. आपण वहीत लिहायचं आणि ती मोठ्यांदा उत्तर देणार. तिची सोबतीण म्हणजे सुपारी, रस्त्यावरून उचललेली तपकिरी कुत्री. बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, दूध उतू जायला लागलं की सुपारी येऊन कुमुदचा पदर ओढते. कोणी शिकवलं नाही, आपलं आपण शिकली. कुमुदची चाळ पाडायला निघाली होती, आठवड्याच्या आत खोली सोडायची होती. पाच ठिकाणी नकार आला. तिघांनी कुत्री नको म्हटलं, दोघांनी बहिरी बाई एकटी नको म्हटलं. कुत्री सोडली तर बाई एकटी, हे कोणाच्या लक्षात येत नव्हतं.

मी नानांसाठी झकास अर्ज लिहिला. ही साधी पाळीव कुत्री नसून मदतनीस आहे, हे ठसवायला तिची सात कामं क्रमवार मांडली. पोस्टातल्या चाळीस वर्षांची सगळी भाषा त्यात ओतली. नानांना वाचून दाखवला आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

"नाय," नाना म्हणाले.

"अहो, पण..."

"शौकाचं जनावर आना, धा आना. कामाचं जनावर माज्या दारात परत नाय."

मी थक्कच झालो. जगातले घरमालक शौकाच्या कुत्र्याला नाही म्हणतात आणि कामाच्या कुत्र्यापुढे जरा तरी नरमतात. आमच्या नशिबी उलटा घरमालक! आणि सात कामं मीच मोजून लिहिली होती. नुसतं 'कुत्री आहे' म्हटलं असतं तर दात बघून पाच मिनिटांत पास झाली असती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कुमुदला सांगायचं तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी उभा असताना माझी नजर माझ्याच पाटीवर गेली. मी नानांना हाताला धरून पाटीसमोर आणलं. "आधी जनावराने भेटावे. तुमचा शब्द आहे. भेट न घेता नापास कसं करता?"

नानांनी पाटीवरची धूळ टॉवेलने पुसली. मग म्हणाले, "कामाचं जनावर बाजारात बगत नाय, शेतात बगतात. चला तिच्या घरी."

कुमुदला न कळवता आम्ही गेलो. मी बेल दाबली. आत काही हाललं नाही. पुन्हा दाबली. दाराशेजारची खिडकी उघडी होती, नाना तिथून आत बघायला लागले, मीही डोकावलो. कुमुद मशीनवर बसली होती. सुपारी तिच्या पायाशी गाढ झोपली होती. मी तिसऱ्यांदा बेल दाबली, चांगली लांबलचक. सुपारीचा कानसुद्धा हालला नाही.

सात कामं लिहिली होती मी, आणि पहिल्याच कामाला ही घोरत होती.

तेवढ्यात कुमुदने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मशीन थांबवलं, उठली आणि दार उघडलं. आम्हाला बघून दचकलीच. मग घाईने, मोठ्यांदा म्हणाली, "सुपारीनं सांगितलं हो, कोणीतरी आलंय म्हणून!"

आणि आत सुपारी अजून घोरतच होती.

आता आमच्या पायांची हालचाल झाली तशी सुपारी जागी झाली. आम्हाला पाहिलं, लगबगीने उठली, लंगडत आली आणि कुमुदचा पदर रीतसर ओढायला लागली. दार उघडं होतं, पाहुणे समोर उभे होते, तरी ओढत राहिली. "हो गं बाई, बघते," कुमुद म्हणाली आणि तिला बिस्किट दिलं. सुपारी कर्तव्य केल्याच्या समाधानात शेपूट हालवत बसली.

नाना खाली बसले. सुपारीचे दात पाहिले. झिजून सपाट झालेले. मग तिच्या मागे जाऊन त्यांनी जोरात टाळी वाजवली. सुपारी बिस्किट खात राहिली.

"हिला ऐकायला येत नाय," नाना म्हणाले. मी वहीत लिहिलं. आता सगळं संपलंच होतं.

कुमुदने वाचलं आणि आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, तो तिला जमत नाही. "वर्ष झालं. मी दर दहा मिनिटांनी उठून दार बघते. कुकर लावला की समोर उभी राहते. दादा, तुला खोटं सांगितलं, रागावू नकोस."

नानांनी मला खूण केली, लिहा. "कामाची नाय राहिली, तर दुसरी का नाय आनली?"

कुमुदने वाचलं आणि हसली. "आणि हिला काय सांगू?"

परतताना रिक्षात, स्टेशन मागे पडल्यावर, नानांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. जमीन गेली तेव्हा बैलजोडी पेणकडच्या माणसाला विकली. बैल विकला तरी दावं देत नाहीत, नाहीतर गोठ्याची बरकत जाते. म्हणून दावी सोडून ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी त्यातला हरण्या एकटाच कर्नाळ्यावरून चालत परत आला आणि गोठा होता तिथे उभा राहिला.

"गोठा पाडलेला व्हता, गुरुजी. बांधू कुटं? जबान दिली व्हती. परत नेऊन दिला." टॉवेलने त्यांनी तोंड पुसलं. "काम सरलं आन् मी इकला. तवाच म्हनलं, कामाचं जनावर आता नाय. पन या बाईनं काम सरल्यावं ठेवलीय."

मला इतकं हलकं वाटलं, की मी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरूनसुद्धा भांडलो नाही.

करार मी त्याच दुपारी लिहिला. कुमुद पहिल्या मजल्यावर राहायला आली. सामान लागलं त्या संध्याकाळी नाना हातोडी आणि दारामागचं एक जुनं दावं घेऊन वर गेले. बेलच्या शेजारी भोक पाडलं, दावं आत घेतलं आणि भिंतीच्या कडेने नेऊन त्याचं टोक सुपारीच्या गोधडीला बांधलं. बाहेरून दावं ओढलं की गोधडी हालते. सुपारी जागी होते, उठते आणि जाऊन कुमुदचा पदर ओढते.

"नाना, कामाचं जनावर चालत नव्हतं ना तुम्हाला?" मी छेडलं.

"तिला वाटतंय ना कामावर हाय. मग वाटू द्या."

पहिल्यांदा दावं ओढलं नानांनीच. आत सुपारी धडपडून उठल्याचा आवाज झाला, आणि मग कुमुदचा बाहेरपर्यंत ऐकू येणारा आवाज, "अगं, खरंच कोणी आलंय का?" आणि दार उघडलं. सुपारीच्या तोंडात पदर होता आणि कुमुदच्या डोळ्यांत पाणी.

तेव्हापासून कुमुद मशीनवरून दर दहा मिनिटांनी उठत नाही. आणि रोज चार वाजता नाना जिना चढून वर जातात, हरण्याचं दावं हलकेच ओढतात आणि दार उघडेपर्यंत थांबतात. कुमुद काय हवं म्हणून विचारते, तर तिच्या वहीत त्यांनी माझ्याकडून एक वाक्य कायमचं लिहून घेतलंय, तेच पान उघडून दाखवतात.

'काय नाय. दावं बगत व्हतो.'

मग चहा घेऊनच खाली येतात.