मेश्राम काका, दोन कुत्रे आणि एक घार

नागपूरच्या उन्हात माणूस एकवेळ चपला विसरेल, पण डोक्याला दुपट्टा बांधायला विसरत नाही. आमच्या शेजारचे मेश्राम काका मात्र भर दुपारी उघड्या टकलाने मागच्या अंगणात उभे असतात आणि हातातली भलीमोठी काळी छत्री कुत्र्यांवर धरतात.

कुत्रे दोन. दोन्ही एवढेसे की मांडीवर दोघं मावून वर चहाचा कप राहील. पांढऱ्या कुत्र्याचं नाव पोहा, तांबड्या कुत्रीचं तर्री, म्हणजे पोह्यांवर ओततात तो लाल रस्सा. पोहा पपईच्या झाडाकडे निघाला की छत्री पपईकडे. तेवढ्यात तर्री जास्वंदीकडे पळाली की काकांची पंचाईत. मग ते मध्येच उभे राहून ओरडतात, "एका लाइनीत चाला बे! दोन गाड्या अन् गार्ड एकच!"

काका मालगाडीवर गार्ड होते. उभी नोकरी शेवटच्या डब्यात, मागे बघत गेली. कुणी छत्रीबद्दल विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "डायवर समोर पाह्यते, गार्ड मागं पाह्यते. वर पाहाची ड्युटी कोणाचीच नव्हती. आता माही लागली."

वर घार होती. आमच्या दोन घरांमध्ये कंबरेएवढी भिंत आहे आणि भिंतीलगत काकांच्या बाजूला जुना कडुनिंब. त्याच्या शेंड्यावर घारीने घरटं केलं, त्या दिवसापासून काकांची झोप उडाली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ते एकटे आणि हे दोन जीव. कुत्रे खरं तर त्यांच्या मुलीचे, प्रज्ञाचे. ती कॅनडात गेली तेव्हा "थोडेच दिवस ठेवा बाबा" म्हणून ठेवून गेली होती.

मी एकदा भिंतीवरून समजवायला गेले. "काका, घार उंदीर नेते, सरडे नेते. पोहा तिला उचलणार नाही. परवा तुम्हीच त्याला उचललंत तर कंबर धरून बसलात."

काका वर बघतच म्हणाले, "तुले घारीनं तसं लिहून देल्लं हाय काय वं?"



आधी त्यांनी बुजगावणं केलं. बांबूवर स्वतःचा जुना पांढरा युनिफॉर्म चढवला, डोक्यावर टोपी ठेवली. त्याला बघून कुत्रे घराबाहेर पडेनात. घार मात्र खुशाल त्याच्या खांद्यावर येऊन बसली आणि तिथेच तिने मेलेला उंदीर खाल्ला. युनिफॉर्म धुवायला टाकताना काकांचा चेहरा बघवत नव्हता.

मग जुन्या सीड्या दोरीला बांधून लटकवल्या. घारीला त्याचं काही नाही, पण माझ्या स्वयंपाकघरात असे कवडसे नाचायला लागले की पोळी भाजताना मला गॉगल घालावा लागला. त्यानंतर कुत्र्यांना चिलखत. जाड कापडाचे दोन अंगरखे शिवून त्यात खराट्याच्या काड्या खोचल्या, टोकं वर. पोहा साळिंदरासारखा दिसायला लागला. पलंगाखाली शिरला आणि तिथेच अडकला. त्याला बाहेर काढायला काकांसोबत मीही फरशीवर आडवी झाले होते.

शेवटी काकांनी कन्हान नदीकाठहून मासे धरायचं जुनं जाळं आणलं आणि भिंतीपासून मागच्या दारापर्यंत सगळ्या अंगणावर ताणलं. मला हाक मारून दाखवलं. "आता पाह्य. लाइन क्लिअर!" एवढं बोलून मागे वळले आणि शर्टाची बटणं जाळ्यात अडकली. मी भिंत ओलांडून गेले, एकेक बटण सोडवलं. "टेस्टिंग करून राहिलो होतो," ते म्हणाले.

जाळ्यानंतर मात्र त्यांनी छत्री मिटली. आठवडाभर आरामात खुर्ची टाकून बसले. कुत्रे अंगणात मोकळे.

त्या रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. कडुनिंबातून काहीतरी धप्पकन जाळ्यावर पडलं. बघते तर घारीचं पिल्लू. चांगलं मोठं, पिसं फुटलेलं, पण उडण्याचा अंदाज चुकलेलं. पाय आणि एक पंख जाळ्यात गुरफटला. जितकं फडफडे तितकं जास्त अडके. त्याच्या वजनाने जाळं झोळीसारखं खाली आलं आणि भिंतीकडची एक बाजू सुटून मोठं भगदाड पडलं.

बरोबर त्या भगदाडाखाली तर्री उभी होती, पिल्लावर भुंकत.

घार आली ती सरळ खाली. तिचा तो चिरका आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. मी नुसतीच ओरडले, "काका!" पण काका खुर्चीतून केव्हाच उठले होते. त्या वयाचा माणूस एवढा झपकन वाकू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. तर्रीला पोटाखाली घेऊन ते जमिनीवर पालथे पडले. घारीची नखं त्यांच्या टकलावर ओढली गेली आणि ती पुन्हा वर गेली.

मी भिंतीवरून उडी मारली. तर्रीला उचललं, पोह्याला ओढलं, दोघांना घरात कोंडलं. बाहेर आले तर काका कपाळावरचं रक्त बाहीने पुसत जाळ्याकडे बघत होते.

"आत चला काका!"

"कैची आण."

"अहो, ती पुन्हा येईल!"

"येईनच नं! लेकरू अडकलं हाय तिचं. कैची आण अन् छत्री आण."

मी दोन्ही आणलं. एवढे दिवस कुत्र्यांवर धरलेली छत्री मी काकांवर धरली. घार दोनदा छत्रीवर आदळली. मी डोळे मिटून दांडा घट्ट धरला. काका मात्र एकेक दोरा कापत पिल्लाशी बोलत होते, "हालू नको नं बाप्पा. पंख मोडन. झालं, झालं. काहून घाबरून राहिला बे, मी काय खाऊन राहिलो तुले?" पिल्लू त्यांच्या बोटांना चोची मारत होतं.

शेवटचा दोरा तुटला. पिल्लू भिंतीवर चढलं, क्षणभर डुगडुगलं आणि पंख फडफडवत कडुनिंबाच्या खालच्या फांदीवर जाऊन बसलं. पंख शाबूत होता. घार त्याच्याजवळ येऊन बसली, आणि तिचं ओरडणं थांबलं. आम्ही दोघंही मटकन खालीच बसलो. थोड्या वेळाने मला हसूच यायला लागलं, आणि मग काकांनाही.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना जरा कमी ऐकू येतं. "घारीनं मारलं," काका म्हणाले. "कोण घारे?" डॉक्टर चिडून म्हणाले, "पोलिसात कळवलं काय?" जखमा वरवरच्या निघाल्या. इंजेक्शन झालं, डोक्याला पट्टी झाली.

संध्याकाळी मी पोह्यांचा डबा घेऊन गेले. काका मागच्या पायरीवर बसले होते, दोन्ही कुत्रे मांडीवर.

"काका, जीव गेला असता की तुमचा. कुत्र्यांसाठी एवढं?"

ते तर्रीचे कान खाजवू लागले. मग म्हणाले, "माही पोट्टी कॅनडाहून रोज व्हिडिओवाला फोन करते. कुत्रे पाहाले. मी फोन त्यांच्यासमोर धरतो. ते तिकून लाड करते, हे इकून शेपट्या हालवते. मले तिचा आवाज ऐकाले भेटते." पोह्याला जवळ ओढून म्हणाले, "यातला एक जरी गेला, तं मंग पोट्टी कायले फोन करन वं?"

मी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. तेवढ्यात फोन वाजला. काकांनी घाईघाईने कुत्र्यांना समोर बसवलं. पण इंजेक्शनचा हात दुखत होता, फोन हलत होता. "द्या इकडे, मी धरते," म्हणून मी तो घेतला आणि सरळ काकांच्या तोंडासमोर धरला.

प्रज्ञाचा चेहरा एकदम पडद्याजवळ आला.

"बाबा! डोक्याले काय झालं?"

"काही नाही वं. जरासं खरचटलं."

"जरासं? एवढी मोठी पट्टी? दवाखान्यात गेले होते काय? जेवले काय? मले काहून नाही सांगितलं?"

कुत्रे फोनकडे बघून उड्या मारत होते. त्यांच्याबद्दल तिने विचारलंच नाही.

काका पायरीवर सरसावून बसले. "आता असं हाय का, सुरुवातीपासून सांगा लागन. टाइम हाय काय तुले?"

"हाय. तुम्ही सांगा."

मी फोन पायरीवरच्या डब्याला टेकवून ठेवला आणि भिंत ओलांडून घरी आले. सकाळी अर्धवट टाकलेले कपडे वाळून कडक झाले होते. ते काढले, घड्या घातल्या, चहा केला. तिकडे बोलणं चालूच होतं. अजून बुजगावण्यापर्यंतच आले होते काका.

मधूनच प्रज्ञाचं हसणं ऐकू यायचं, आणि मग तिचा आवाज, "मंग? मंग काय झालं बाबा?"