दहा घागरींचा नियम

माणसाला पटवायचं कसं, हे मला कोणी शिकवू नये! माझ्याकडे त्याचं प्रमाणपत्र आहे. लॅमिनेशन केलेलं!

मी प्रेमानंद, वनरक्षक. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात एका अभयारण्याच्या काठावर टेंभीदरा नावाचं गाव आहे, तिथं माझी नेमणूक. मार्च महिन्यात खात्यानं मला 'नेतृत्व आणि लोकसंवाद' या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. जाताना मी साधा गार्ड होतो, येताना नेता होऊन आलो. घरात पाऊल टाकताच बायकोला सांगितलं, "मनाली, आजपासून कोणावर ओरडायचं नाही. हुकूम सोडायचा नाही. पटवायचं!"

"मग आधी त्या सिलिंडरवाल्याले पटवा," मनाली म्हणाली. "आठ दिवस झाले नंबर लावून."

मनाली इथल्याच शाळेत शिक्षिका आहे. सहा वर्षं अर्ज केले, तेव्हा कुठे मागच्या जूनमध्ये तिची बदली टेंभीदऱ्याला झाली आणि आमचा संसार एका छपराखाली आला. त्याआधी ती मलकापूरला आणि मी जंगलात. रविवारी भेटायचो ते पाहुण्यासारखं.

आणि आता नेमका तोच संसार धोक्यात आला होता.

त्याचं असं झालं. जंगलात एक पाणवठा आहे. उन्हाळ्यात खातं त्यात टँकरनं पाणी टाकतं, जंगली जनावरांसाठी. पण गावच्या पावणेतीनशे बकऱ्या सकाळीच तिथं जायच्या आणि दुपारपर्यंत तळ दाखवून परत यायच्या. मग तहानलेली जनावरं गावाकडे वळायची. मागच्या उन्हाळ्यात तर एक अस्वल संध्याकाळी नूरबीच्या अंगणात आलं, रांजण पालथा केला, पाणी प्यायलं आणि जाताना कोंबड्यांचा खुराडाही आडवा करून गेलं! नूरबी आणि तिचा नवरा जहांगीर दार लावून आत बसले होते. त्यानंतर नूरबी कित्येक दिवस अंगणात एकटी निघत नव्हती.

बकऱ्यांसाठी खात्यानं हापशीजवळ सौरपंपाचा हौद बांधून दिला होता. त्यात म्हशी बसायच्या.

आमचे रेंजर साहेब म्हणाले, "प्रेमानंद, पंधरा दिवस देतो. बकऱ्या पाणवठ्यावर जाणार नाहीत असा ठराव गावाकडून करून घे. नाही जमलं तर तुझी बदली पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला!"

दुसरा कोणी घाबरला असता. मी दोनशे पानी वही विकत आणली आणि भाषण लिहायला बसलो.

काय भाषण होतं ते! पृथ्वीच्या जन्मापासून सुरुवात केली होती. मधे दोन दिवस ती वही कुठे सापडेना, घर उलथंपालथं केलं. मनालीला विचारावं तर ती संध्याकाळी घरात नसायची. शाळेची पटनोंदणी चालू होती, त्यामुळे ती घरोघर फिरत होती. तिसऱ्या दिवशी वही आपोआप फळीवर दिसली.

शनिवारी सभा भरली. समाजमंदिराच्या ओट्यावर पुरुष, खाली बायका. सगळ्यात पुढे माजी सरपंच भगवानराव. प्रशिक्षणात शिकवलं होतं की गावाचा नेता ओळखा आणि त्याच्या डोळ्यांत पाहून बोला. मी भगवानरावांच्या डोळ्यांत पाहून बोलू लागलो. त्यांनी थोड्या वेळानं डोळे मिटले.

"हे जंगल माझं नाही! साहेबांचं नाही! तुमचं आहे!" मी आवाज चढवला. "तुमच्या घरात कोणी न विचारता शिरलं, तर तुम्ही काय करता?"

"हाणतो!" मागून चांगुणाबाईंचा आवाज आला. चांगुणाबाई म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या कळपाच्या मालकीण. त्यांची बकरी जिकडे वळते तिकडे गावच्या बाकी बकऱ्या वळतात.

"हाणायचं नाही, बाई. नियम करायचा."

"मंग करा. म्हशी उठवून बकऱ्या हौदावर पाजू. न इचारता जंगलात कोनी गेलं, मानूस का जनावर, तं त्याच्या मालकानं हापशीवरून दहा घागरी पानी डोक्यावर नेऊन पानवठ्यात टाकाव. होय का वं नूरबी?"

"हाव," नूरबी म्हणाली.

"हाव!" सगळ्या बायका म्हणाल्या. बायका म्हणाल्या म्हणून पुरुषही म्हणाले.

घड्याळात पाहिलं तर बाराच मिनिटं झाली होती! मी अजून डायनासोरपर्यंतही पोचलो नव्हतो. पण नेत्यानं यशानं हुरळून जायचं नसतं, म्हणून उरलेलं भाषणही मी पूर्ण केलं. शेवटी छाती ठोकून म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा! मी चुकलो तर मलाही, आणि माझे साहेब चुकले तर त्यांनाही!"

टाळ्या पडल्या. भगवानराव जागे झाले.

दुसऱ्याच दिवशी बायकांनी जंगलाच्या वाटेवर एक बाज आडवी टाकली. त्या बाजेवर पाळीपाळीनं दोघी बसायच्या. पहिला सापडला जहांगीर. त्याची एक बकरी पळाली होती. नूरबीनं सख्ख्या नवऱ्याला सोडलं नाही! मग भगवानराव. "मी माजी सरपंच हाये!" म्हणाले. चांगुणाबाई म्हणाल्या, "मंग घागर बी माजी देऊ का?" त्यांनीही दहा खेपा केल्या.

आणि तिसरा मी!

सकाळी गस्तीला निघालो, तर नूरबीनं हात आडवा केला. "गार्डभाई, किधर?"

"गस्तीला!"

"इचारलं काऊन नाही?"

"अहो, माझंच बीट आहे हे! कालपण गेलो होतो!"

"कल भी गये थे? बगैर पूछे?" नूरबी चांगुणाबाईंकडे वळली. "बाई, याच्या वीस झाल्या."

हापशी ते पाणवठा अर्धा किलोमीटर आहे. वीस घागरींनंतर माझी मान खांद्यात इतकी रुतली की संध्याकाळी मनालीनं ओळखलंच नाही. तिनं बामाची बाटली काढली आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ खोकत राहिली. मला तो खोकला संशयास्पद वाटला, पण मान वळवून बघता येईना.

मात्र पाणवठा भरला होता. काठोकाठ!

पंधरावा दिवस उजाडला. साहेब दहा वाजता येणार होते. पण साहेब हुशार, गार्डला बेसावध पकडायला सातलाच आले, तेही साध्या कपड्यांत आणि थेट जंगलाच्या वाटेनं. मी दाढी करत होतो. जहांगीर धावत आला. "गार्डभाई, चला! बाजेपाशी एक जाडा मानूस सापडला. लय गरम होऊन राह्यला!"

अर्ध्या दाढीनिशी पळालो. पाहतो तर काय, साहेबांच्या जीपपुढे बाज, बाजेवर चांगुणाबाई आणि नूरबी!

"मी कोण आहे माहीत आहे का?" साहेब ओरडत होते.

"नाही ना. तेच तं इचारून राह्यलो," चांगुणाबाई शांतपणे म्हणाल्या.

"चांगुणाबाई, हे साहेब आहेत! माझे साहेब!" मी हात जोडले.

"मंग बराबर. तुमीच तं म्हनले होते, साहेब चुकले तर त्यायले बी. का आता नियम बदलला?"

मी प्रशिक्षणातलं सगळं काढलं. आधी ऐकून घेतलं, मग मान डोलावली, मग डोळ्यांत पाहिलं. काहीही उपयोग झाला नाही! चांगुणाबाईंनी उलट साहेबांच्याच डोळ्यांत पाहिलं आणि घागर पुढे केली. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

पण बाज हलेना, जीप पुढे जाईना, शेवटी साहेबांनी घागर घेतली.

पहिल्या दोन खेपा त्यांचं तोंड चालू होतं. माझी चौकशी, माझं निलंबन, असलं बरंच काही त्यात होतं. तिसऱ्या खेपेला ते पाणवठ्याच्या काठाशी वाकले. ओल्या चिखलात अस्वलाच्या पंजाचे ठसे होते. मोठे आणि ताजे. आणि त्यांच्या बाजूनं बारके बारके ठसे, आईचा हात सोडून पळणाऱ्या पोरासारखे वाकडेतिकडे.

"पिल्लू आहे," साहेब हळूच म्हणाले.

"इस साल मेरे आंगन में नहीं आयी," नूरबी म्हणाली. "पानी यहींच मिलता उसकू."

खरं सांगतो, मला भरून आलं. मानेचं दुखणं विसरलो. उरलेल्या सात खेपा साहेबांनी त्या ठशांवर पाय पडू न देता केल्या.

मग घाम पुसत म्हणाले, "प्रेमानंद, कसं जमवलंस हे?"

झालं! मला तेवढंच हवं होतं. मी प्रशिक्षण सांगितलं, वही सांगितली, पृथ्वीचा जन्म सांगितला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नेमका दुखऱ्या खांद्यावर. "शाब्बास! तुझ्यासारखा माणूस इथं वाया चाललाय. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अशी तीन गावं आहेत, कोणाचं ऐकत नाहीत. आठवड्याभरात ऑर्डर काढतो!"

ठराव नाही झाला तरी बदली, झाला तरी बदली!

"साहेब, माझं त्यात काही नाही हो..."

"अरे वा, नम्रताही आहे!"

"मला खरंच बोलता येत नाही!"

"श्रेय घेत नाही! हाच तर खरा नेता!"

मी चांगुणाबाईंकडे पाहिलं. माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. त्या बाजेवरून उठल्या.

"ओ साहेब, यायनं कोनाले पटवलं? यायची सभा शनिवारी झाली. आमचं बेस्तरवारीच ठरलं होतं! घरोघर मॅडम येऊन गेल्या ना. मी काय बोलाव, नूरबीनं हाव कधी म्हनाव, समदं ठरलेलं. हे उगाच दीड घंटा बोलले."

बाजेभोवती जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. साहेबांनी मला अर्ध्या दाढीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"मॅडम म्हणजे?"

"माझी बायको," मी म्हणालो. "शाळेत शिक्षिका आहे."

"तिची बदली करता येईल का?"

"ती शिक्षण खात्यात आहे, साहेब."

"अरेरे," साहेब मनापासून हळहळले. "मग तुला एकट्याला नेऊन मी काय करू? राहा इथंच!"

अपमान झाला होता, हे मला कळत होतं. पण इतका गोड अपमान आयुष्यात झाला नव्हता! घरी जवळजवळ नाचतच गेलो. मनाली पोळ्या लाटत होती.

"मनाली, खरं सांग. मागच्या उन्हाळ्यापासून मी डोकं फोडलं तरी जे लोक ऐकले नाहीत, ते तुझं दोन संध्याकाळी कसं ऐकले? तू त्यांना असं सांगितलंस तरी काय?"

"काही नाही," ती पोळी उलटत म्हणाली. "तुमची वही चांगुणाबाईच्या हातात देली. म्हटलं, ठराव झाला नाही तं हे दर शनिवारी सभा घेणार हायेत. त्यायनं वही तोलून पाह्यली अन् लगेच हाव म्हणाल्या."