सुगंधाआत्याचं गेस्टहाऊस

फ्रान्समधल्या त्या छोट्या गावात माणसं भेटली की गालाला गाल लावतात. माझी सुगंधाआत्या समोरच्याचा गाल जवळ येईपर्यंत थांबते, मग दोन्ही हातांनी त्याचा चेहरा कुरवाळते आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडते. म्हणजे दृष्ट उतरली. पाववाला, पोस्टमन, चर्चचे पाद्री, कोणी सुटलेलं नाही. महापौरबाई तर निवडणुकीच्या सकाळी मुद्दाम येऊन बोटं मोडून घेऊन गेल्या.

"आन् निवडून आली ना!" आत्या म्हणते, जणू मतं हिनंच टाकली.

आत्या मूळची उरणची, मासेविक्रेत्या घरातली. बंदराच्या कामावर आलेला मिशेल नावाचा फ्रेंच इंजिनियर आजीच्या हातचं कालवण खायला रोज घरी येऊ लागला. कालवणासाठी येत नव्हता, हे आजीला फार उशिरा कळलं. आमच्या घरात त्याचं नाव 'महेश' झालं आणि तो उरणची बोली इतकी झकास बोलायला लागला की बाजारात कोळणी त्याच्याशी घासाघीस करायला बिचकू लागल्या. लग्नानंतर तो तिला त्याच्या गावी घेऊन गेला. तिथं त्याच्या वडिलांच्या जुन्या घरात दोघांनी गेस्टहाऊस काढलं.

काही वर्षांपूर्वी महेशकाका गेले. तेव्हापासून खारघरला आमच्या घरी एकच विषय. "एकटी बाई परमुलुखात काय करते? आपला फ्लॅट आहे, मेट्रो आहे, सगळं आहे," बाबा म्हणायचे. शेवटी यंदा मला सुट्टी मिळाली तेव्हा त्यांनी मला धाडलंच. "तुझं ऐकेल ती. घेऊनच ये."

मी गेले, आणि पहिल्याच सकाळी चाट पडले. न्याहारीला क्रोसाँच्या शेजारी तांदळाची भाकरी, त्यावर जर्दाळूचा जॅम. पॅरिसहून आलेल्या एका सुटाबुटातल्या साहेबांनी अर्धी भाकरी ताटात टाकली. आत्यानं सुरुवात फ्रेंचमध्ये केली, पण राग चढला तशी गाडी उरणला पोचली. "आन्न टाकतंस? लाज नाय वाटत?" साहेबांना शब्द एकही कळला नाही, अर्थ मात्र पुरा कळला. त्यांनी मुकाट्यानं भाकरी संपवली, आणि जाताना पुढच्या वर्षीची खोली राखून गेले.

संध्याकाळी दारापुढे खुर्च्या मांडल्या जायच्या. कोणी वाइन आणायचं, कोणी ऑलिव्ह. आत्या तळलेला बोंबील आणायची. आधी सुक्या मासळीच्या वासावरून शेजारच्या मादाम ओडेतनं नगरपालिकेत तक्रार केली होती म्हणे. आता बोंबलाची बशी आली की गप्पा थांबायच्या. त्या घोळक्यात नऊवारीवर लोकरी कोट घालून मधोमध बसलेली, सगळ्यांना दटावणारी, हसवणारी आत्या पाहिली की माझी छाती फुगायची. ही आमची. उरणची!

बाबांचा निरोप सांगायला मात्र तोंड उघडत नव्हतं.

एक गोष्ट लक्षात आली होती. दुपारी पाहुण्यांच्या खोल्या आवरून झाल्या की आत्या डबा घेऊन कुठंतरी नाहीशी व्हायची. विचारलं तर म्हणायची, "काम हाय." एके दिवशी घरी फोन आला, कोणीतरी खोलीची चौकशी करत होतं, म्हणून मी तिला शोधत निघाले. शेजारच्या घराचं दार उघडं होतं. आत मादाम ओडेत आरामखुर्चीत बसली होती. पांढरी फटक, नजर कुठंतरी लांब. आत्या तिला चमच्यानं सूप भरवत होती आणि आपल्या बोलीत सांगत होती, "...मंग आयनं मना सांगितलं, जाळ्याला हात लावू नको. पन मी कुठं ऐकतेय! पडले ना खाडीत!"

ओडेत खुदकन हसली.

मी दारातच थांबले. "आत्या, त्यांना मराठी कळतं?"

"नाय गो. आता तिला फ्रेंचबी कळत नाय. लेकीला वलखत नाय, कायच आठवत नाय." आत्यानं तिचं तोंड पुसलं. "मंग मी कशाला फ्रेंचमधी बोलू? तिला सगळं सारखंच."

तिनं चमचा डब्यात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "महेश गेला न् माझी बोली ऐकनारं कोन ऱ्हायलं नाय, बाय. फोनवर तुमी पन आता शहरातलं बोलता. ही ऐकते. मी उठाया लागले का माझा हात सोडत नाय."

खरंच सोडला नव्हता. सुरकुतलेल्या गोऱ्या बोटांनी आत्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "काय म्हणते? तिकीट काढू का तिचं?"

"नको, बाबा," मी म्हटलं. "आणि फोन तिला देते. पण जरा तुमच्या लहानपणीच्या उरणच्या भाषेत बोला."

मी स्पीकर लावून फोन आत्यापुढे धरला. बाबा खाकरले, आणि मी कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "सुगंधे, कशी हायस गो?"

आत्यानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि खुर्ची ओढून बसली.