गुलाबाच्या कुंडीतलं उत्खनन

खापरवाल्यांनी डबा उघडला, कापूस बाजूला केला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आत दोनशे चौदा नंबरचं खापर होतं, नंबर त्यांच्याच हस्ताक्षरात होता, पण खापर त्यांचं नव्हतं.

खापरवाले हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं. गृहस्थ पुरातत्त्व खात्यात उत्खननाचे प्रमुख होते. यंदा त्यांच्या पथकाने चार टेकड्या आणि एक नदीकाठ उकरला, तेव्हा कुठे पोतंभर फुटकी भांडी हाती लागली. त्यात लाखमोलाचा तुकडा एकच. तळहाताएवढा, आणि त्यावर दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी काडीने कोरलेली शिडाची होडी. तो तुकडा डोळ्यांनी पाहायला मोठे साहेब आज चारला घरी येणार होते. साहेबांची खात्री पटली तर पुढच्या वर्षी उत्खनन चालू, नाहीतर पथक बंद. घरी अशासाठी, की कार्यालयात महिनाभर रंगकाम चाललं होतं आणि तिथला सगळा पसारा खापरवाल्यांच्या घरात येऊन पडला होता. खापरं धुवून वाळत घालायचं कामही त्यांनी घरच्या गच्चीवरच उरकलं होतं.

डब्यातला तुकडा नवा, लालभडक होता आणि त्याच्या पाठीवर हिरवा ऑइलपेंट होता.

"हा तर आपल्या कुंड्यांचा रंग," बायको म्हणाली. तिचं औषधांचं दुकान होतं. वस्तू पाहताक्षणी ओळखायची तिला सवय होती. "मीच दिलाय."

कुंड्या खापरवाल्यांच्या आईच्या ताब्यात, म्हणून तिला हाक गेली. आई शांतपणे आली.

"हो, घेतलं की एक खापर. गुलाबाची कुंडी भरत होते, तळाच्या भोकावर ठेवायला काही मिळेना. त्याला बाक छान होता. पण तसंच नाही घेतलं हं, फुटक्या कुंडीचा तुकडा त्याच जागी ठेवला. एकास एक. मी काय चोर आहे?"

"आणि तुम्ही त्याच्यावर नंबर घातलात," बायको नवऱ्याकडे वळली.

"रांगेने घालत होतो. फोन चालू होता," खापरवाले पुटपुटले. दोन हजार वर्षांपूर्वीचं आणि मागल्या वर्षीचं खापर आपल्याला ओळखता आलं नाही, हे त्यांना फार लागलं. एरवी ते याच विषयावर व्याख्यानं देत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणत ते गच्चीकडे धावले. पण आई त्यांच्या आधी तीन जिने चढून वर पोहोचली आणि कुंडीला पाठ लावून बसली. महिन्यापूर्वी हीच आई खुर्चीतून उठताना दोन माणसं मागायची. एवढ्या घाईतही खापरवाल्यांना बरं वाटलं. सुनेने डॉक्टरांकडून गोळ्या लिहून आणल्या होत्या, त्यांना गुण आला म्हणायचा.

"या कुंडीला हात लावायचा नाही. कळ्या आल्यात," आई म्हणाली. "दुसरी कुठलीही उकर."

"अगं, दुसऱ्या कुंडीत ते नाहीये ना."

"मग साहेबांना फोटो दाखव. चांगला येतो तुझा फोटो."

शेवटी बायकोने आईला हाताला धरून बाजूला घेतलं. खापरवाल्यांनी कुंडी उचलली, आडवी केली आणि आता पालथी करणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"काय करताय?"

मोठे साहेब अर्धा तास आधीच आले होते. एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर. खापरवाल्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची मागितली.

"पालथी करताय? तळाला दोन हजार वर्षांचं खापर आहे आणि तुम्ही पालथी करताय? तुम्ही माळी आहात की पुरातत्त्ववाले? ब्रश आणा, थापी आणा, वही आणा. थराथराने जायचं."

मग कुंडीवर दोऱ्याचे चौकोन पडले. साहेब खुर्चीतून सांगत होते, खापरवाले चमच्याचमच्याने माती काढत होते. आई कठड्याशी जाऊन आकाशाकडे बघत राहिली. बोटभर खोल गेल्यावर खापरवाले थांबले.

"साहेब, डाग आहेत. गुलाबी. खोडाभोवती गोल."

साहेब पुढे वाकले. त्यांचा चेहरा उजळला. "वा. बोटाने पाडलेले खड्डे, सारख्या अंतरावर. दोन वर्तुळं. मोजा."

"एकोणतीस."

"लिहा. कुणीतरी रोज, ठरलेल्या वेळी इथे येऊन काहीतरी अर्पण करत होतं. पूजाविधी असणार."

खापरवाल्यांनी लिहिलंसुद्धा. बायकोने मात्र खाली बसून एका खड्ड्यातून अर्धवट विरघळलेला खडा उचलला, नखाने माती काढली आणि उजेडात धरला.

"ही आईंची गुडघ्याची गोळी आहे," ती म्हणाली. "पाकिटात तीस असतात."

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या.

"एक घेतली होती पहिल्या दिवशी," आई आकाशाकडे बघतच म्हणाली. "फार कडू. तू एवढ्या मायेने आणलेल्या. टाकून द्यायला जीव होईना."

"अहो पण आई, मग गुडघे बरे कसे झाले?"

"ते मला काय माहीत? रोज सकाळी तुमची नजर चुकवून तीन जिने चढायचे, गोळी पुरायची, तीन जिने उतरायचे. दुसरं काही केलं नाही बाई मी."

बायकोला हसू आवरेना. खापरवाले मात्र मान खाली घालून उकरत राहिले आणि तळाशी थापी हलकेच अडली. त्यांनी ब्रश फिरवला. गुलाबाची मुळं होडीला बिलगली होती, पण होडी शाबूत होती, शीडही शाबूत होतं. त्यांचे डोळे भरून आले. साहेबांनी खापर दोन्ही हातांत घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी हे सापडलं त्या टेकडीवर मी स्वतः येतो."

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खापरवाले वहीतला पूजाविधी खोडत होते, बायको गुलाब परत लावत होती. साहेबांनी खिशातून गोळ्यांचं एक पाकीट काढलं, अगदी भरलेलं, आणि खुर्ची आईजवळ ओढली.

"काकू," ते हळूच म्हणाले, "या कुंडीत अजून जागा आहे का हो?"