एक नाव, एक जागा

आमच्या ऑफिसातल्या गायकवाड सरांना उघडा आकडा सहन होत नाही. पर्ल भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये कुणी थेट ४५ लिहिलेले दिसले, की ते चहाचा कप खाली ठेवून विचारतात, "हे पोरगं कुणाचं? ह्याला नाव नाय?"

कारखान्यांच्या भट्ट्यांवर लक्ष ठेवणारा आमचा प्रोग्रॅम जुना आहे. तापमानाच्या मर्यादा, वेळा, पत्ते, असले शेकडो ठरलेले आकडे सरांनी नावानिशी एकाच फाइलीत ठेवले आहेत. बाकी प्रोग्रॅमने ते तिथून मागून घ्यायचे. "एक नाव, एक जागा. लई सोपं हाय," हे त्यांचं पालुपद. एकदा आमच्या नेहाने तोच आकडा थेट तीन ठिकाणी लिहिला. पुढे मर्यादा बदलली तेव्हा तिने दोनच ठिकाणी बदल केला, आणि चांगल्या चाललेल्या भट्टीवर सकाळभर भोंगा बोंबलत राहिला. सर तिला रागावले नाहीत, नुसते दुःखी झाले. ते जास्त लागलं तिला.

टेबलावरचा स्टेपलर वीतभर सरकला तरी त्यांचा चेहरा पडतो. आम्ही तो मुद्दाम सरकवतो.

मग मालकांनी त्यांची पुण्याला बदली काढली. पगार जास्त, घरही मोठं. सर म्हणाले, "नाय जमायचं." मालक भडकले. जा, नाहीतर राजीनामा द्या! सर रजा टाकून घरी बसले आणि समजूत घालायला मी गारखेड्याला त्यांच्या घरी गेलो.

वहिनी चहा करत होत्या. मदतीच्या हौसेनं मी साखरेचा डबा इकडे सरकवला. त्यांचा हात नेहमीच्या जागी गेला आणि रिकामा ओटा चाचपत राहिला. सरांनी मुकाट्यानं डबा परत ठेवला.

"नजर गेलीय माझी, भावजी," वहिनी हसून म्हणाल्या. "पण ह्या घरात मला समदं दिसतं. हे काडीबी हलू देत नाहीत."

 निघताना दारापाशी मी सरांना हळूच विचारलं, "मालकांना सांगू?"

"तुम्हीच सांगा. मला नाय सांगता येत."

दुसऱ्या दिवशी सांगितलं. मालक म्हणाले, "वेडा माणूस! आधी बोलायचं ना." बदली रद्द झाली. मला इतकं हायसं वाटलं, की जिन्यातूनच सरांना फोन लावला.

 बातमी ऐकताच फोन तसाच धरून सरांनी आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? कुठंच जायचं नाय. सगळं जिथल्या तिथं हाय."