सुर्वेसाहेब ब्रेक बदलतात

सुर्वेसाहेबांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं तर हातात पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला धरावा लागतो. थट्टा नाही. रोज नाही, पण ब्रेकबद्दल शंका आली की धरावाच लागतो, आणि शंका त्यांना दर आठवड्याला येते. गाडी थांबताना पाणी सांडलं तर दोष ब्रेकचा. भिजते ती पँट मात्र माझी.

आम्ही दोघे दोह्यात बिन महमूदला एकाच बिल्डिंगमध्ये राहतो आणि अल रय्यानला एकाच कन्स्ट्रक्शन कंपनीत राबतो. ते क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे बांधकामाच्या मालाची मोजदाद करणारे, मी त्यांच्या हाताखाली. माझ्याकडे लायसन्स नाही, म्हणून मी त्यांच्या तावडीत सापडलो. "यल्ला, पण सावकाश!" असं स्वतःलाच बजावून ते गाडी सुरू करतात. वयाने माझ्या वडिलांएवढे. बायको आणि मुलगी सांगलीला. का, ते कोणी विचारत नाही. इथे निम्म्या फ्लॅटांत अशीच माणसं राहतात आणि फोनवर "जेवलीस का?" एवढंच विचारत म्हातारी होतात.

गेल्या महिन्यात मेकॅनिक म्हणाला, ब्रेकचे पॅड संपलेत. झालं! माझे सुट्टीचे शुक्रवार गेले चुलीत.

इंडस्ट्रियल एरियातल्या एका दुकानदाराने भोकं पाडलेले चकचकीत रोटर काढले. रोटर म्हणजे चाकामागची ती लोखंडी तबकडी, जिला पॅड आवळतात.

"स्पोर्टी लुक, साब."

"मुझे रेस नहीं लगानी, भाई. सादा दिखाव."

मग पॅड. सेमी-मेटॅलिक? "रोटरला चावतात." स्वस्तातले? "किंचाळतात." शेवटी सिरॅमिकचा खोका उघडून साहेबांनी पॅडवरून अंगठा फिरवला, आंबा पिकलाय का बघावं तसा. गॅरेजवाला म्हणाला, जुनेच रोटर घासून देतो, चालतील. साहेब असे भडकले म्हणता! "पातळ झालेला रोटर या उन्हात तापला की ब्रेक दाबताना सगळी गाडी थरथरते. नवेच टाक."

मी वैतागलो होतो. "साहेब, गाडी भंगारात जायच्या वयाची झालीय. कशाला एवढे लाड?"

"केतकी येतेय," ते म्हणाले.

केतकी म्हणजे मुलगी. जर्मनीला शिकायला निघालेली, विमान दोह्यावरून. सकाळी उतरणार, संध्याकाळी पुढे जाणार. साहेबांची सुट्टी आणि तिच्या परीक्षा यांचं वर्षानुवर्षं जमलंच नव्हतं, आता एक दिवस मिळत होता. व्हिसाचं त्यांनी बघून ठेवलं होतं. तिची इथली जुनी शाळा, अल नस्रमधलं पूर्वीचं घर, मग समुद्रकाठी कॉर्निशवर फेरी, असा सगळा दिवस आखलेला.

नवे पॅड म्हणे रोटरवर नीट बसवावे लागतात. रिकाम्या रस्त्यावर वेग घ्यायचा, हळूच दाबायचं, पुन्हा वेग. एक अख्खी दुपार आम्ही हेच केलं आणि मी पेला धरून बसलो. शेवटी एकदाचा थेंबही सांडला नाही. साहेबांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "खलास! आता येऊ दे पोरगी."

एअरपोर्टवर मलाही नेलं, दोघांचे फोटो काढायला. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. विमान उतरल्याचं बोर्डवर आलं, आणि बऱ्याच वेळाने फोन वाजला. स्पीकरवर होता.

"बाबा, आय ॲम सो टायर्ड. इमिग्रेशनला खूप मोठी लाइन आहे. मी आतच थांबते, ओके? लाउंज आहे. नेक्स्ट टाइम नक्की."

"इन्शाल्ला," साहेब म्हणाले. "आराम कर बाळा. आत गार असतं. काही खाल्लंस का?"

फोन आधीच बंद झाला होता.

मला त्या न पाहिलेल्या पोरीचा असा संताप आला! भिंतीपलीकडे बसली होती कार्टी, आणि बाप इकडे उभा. मी म्हटलंसुद्धा, "साहेब, तुम्ही तिला बोलला का नाही?"

"कुठल्या तोंडाने?" ते म्हणाले. "ती बोलावत होती तेव्हा मी दमलोय म्हणायचो. आज ती दमली."

पार्किंगमध्ये त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग समोर बघतच बोलले. "लहानपणी तिला गाडी लागायची. शाळेतून आणताना ब्रेक जरा कचकन लागला की ओकायची बिचारी. रडायची, आणि वर मलाच सॉरी म्हणायची. मग मी हळू थांबायला शिकलो."

मी सीटबेल्ट लावला.

गाडी रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "तुला लागते का रे गाडी?"

मला जन्मात कधी गाडी लागलेली नाही. घाटातल्या एस.टी.त मी वडे खात बसतो.

"लागते," मी म्हटलं.

"मग आधी सांगायचं नाही का, गाढवा!" त्यांनी वेग कमी केला आणि माझ्या बाजूची काच खाली केली. बाहेरची भाजणारी हवा तोंडावर आली. "मोठा श्वास घे. लांब बघ, जवळ बघू नकोस. बरं वाटेल."

मी मोठा श्वास घेतला आणि लांब बघत राहिलो.